पाणी सुटलं की पाणी ओढलं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकटी बहीण शिरूरला दिलेली आहे. तिचा मुलगा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं इंग्रजीतून, त्यामुळे बिचारा डिक्शनरी आणि डोकं दोन्ही झिजवतोय. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मामा, डेलिक्वेस म्हणजे काय ओ?"

"कुठे भेटला हा शब्द?"

"प्रॅक्टिकलला. सरांनी काचेवर कॉस्टिक सोड्याचे दाणे ठेवले. थोड्या वेळानं दाण्यांचं पाणी झालं. काय दिसलं ते लिहा म्हणाले. मी लिहिलं, वितळलं. सरांनी फुली मारली आणि वर डेलिक्वेस लिहिलं."

मला हसू आलं. पस्तीस वर्षांपूर्वी दौंडहून पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा अगदी हीच फुली मलाही मिळाली होती. मी 'विरघळलं' लिहिलं होतं, एवढाच फरक. आमच्या सरांनी कारण सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माझीही छाती नव्हती. पुस्तकातली व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळाले. अर्थ कळायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली, आणि तो कळला तो गुळाच्या ढेपेमुळे. ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी शब्द. वितळायला उष्णता लागते. लोणी वितळतं, मेण वितळतं. विरघळायला आधीपासून पाणी लागतं, म्हणजे चहा असेल तर साखर विरघळणार. काचेवरच्या सोड्याला कोणी तापवलेलं नसतं आणि कोणी पाणीही घातलेलं नसतं. तरी त्याचं पाणी होतं. ते पाणी येतं हवेतून. एखाद्या घन पदार्थाने हवेतली वाफ ओढून घ्यायची आणि इतकी ओढायची की शेवटी त्याच पाण्यात आपण विरघळून जायचं, या सगळ्या उद्योगाला इंग्रजीत एक क्रियापद आहे, डेलिक्वेस. शब्द मूळचा लॅटिन, आणि रसायनशास्त्राने तो अठराव्या शतकापासून वापरात ठेवला आहे. रोजच्या इंग्रजीत मात्र तो फारसा कोणी बोलत नाही.

हे घडतं कसं तेही मजेशीर आहे. क्षाराच्या स्फटिकावर हवेतल्या पाण्याचा अगदी पातळ थर बसतो. त्यात थोडा क्षार विरघळतो आणि तो थर संपृक्त द्रावण बनतो. साध्या पाण्यातून जितक्या सहज वाफ उडून जाते तितक्या सहज ती या द्रावणातून जात नाही. हवेत वाफ पुरेशी असेल तर येणारं पाणी जास्त आणि जाणारं कमी, असा व्यवहार सुरू होतो. थर जाड होतो, आणखी क्षार विरघळतो, आणखी पाणी येतं. स्फटिक संपला तरी हे थांबत नाही. द्रावण पातळ होत होत हवेशी बरोबरी साधेपर्यंत ते चालू राहतं.

प्रत्येक क्षाराची यासाठी एक पायरी ठरलेली असते. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांपर्यंत पोचेस्तोवर कोरडं राहतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात, कॅल्शियम क्लोराइडला तीसच्या आसपास, आणि कॉस्टिक सोडा तर दहाच्याही खाली सुरू होतो, म्हणून तो भर उन्हाळ्यातही काचेवर घामेजतो. आपल्या आज्यांच्या चिनी मातीच्या बरणीतलं खडे मीठ जून लागला की ओलं का व्हायचं, याचं उत्तर इथेच आहे. त्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असायचं. पहिलं पाणी ते ओढणार आणि मीठ त्यात ओढलं जाणार.

आता मराठी. विश्वकोशात रसायनांच्या नोंदी चाळताना या गुणासाठी 'चिघळणारे' असं विशेषण भेटतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलोच. आमच्याकडे जखम चिघळते. फार तर संप चिघळतो, बांधाचं भांडण चिघळतं. बिचाऱ्या मिठाने असं काय केलं? ज्यांनी हा शब्द निवडला त्यांच्या डोळ्यांपुढे ओलसर, पाझरणारं काहीतरी असणार, आणि त्या दृष्टीने शब्द चुकलेला नाही हेही मान्य. पण चिघळण्यात एक ठपका आहे. जे चिघळतं ते आतून बिघडलेलं असतं.

आणि गंमत म्हणजे मराठीत याच्या अगदी जवळचा शब्द स्वयंपाकघरात पडून आहे. सादळणे! पापड सादळतो, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते. सादळण्यासाठी कोणी पाणी ओतावं लागत नाही. डब्याचं झाकण उघडं राहिलं एवढं पुरतं. हवेतल्या ओलाव्याने पदार्थ मऊ पडणं, एवढा नेमका अर्थ असलेलं एका शब्दाचं क्रियापद इंग्रजीतही मला चटकन आठवत नाही. सादळलेला पापड पापडच राहतो, त्याचं पाणी होत नाही, एवढाच फरक. म्हणजे सादळणं ही पहिली पायरी आणि सादळून विरघळणं ही शेवटची. भाच्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच व्हय!" पाठ केलेल्या व्याख्येला असा उद्गार कधी निघत नाही.

जाता जाता, हे क्रियापद रसायनाच्या बाहेरही फिरून आलं आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर, शेणावर एक नाजूक छत्री उगवते आणि एक-दोन दिवसांत तिची काळी शाई होऊन ठिबकते. त्या अळिंबाचं स्वतःला पचवून पाणी होणं, त्यालाही वनस्पतिशास्त्रवाले डेलिक्वेस म्हणतात. आणि झाडांच्या बाबतीत तर कमालच आहे. सुरूच्या झाडाचा बुंधा शेंड्यापर्यंत सरळ ओळखू येतो. चिंचेचा बुंधा थोडा वर जातो आणि फांद्यांमध्ये कुठे हरवतो ते सांगता येत नाही. अशा झाडाला इंग्रजीत याच क्रियापदाचं विशेषण लावतात. बुंधा फांद्यांत विरघळला! शास्त्रज्ञ कोरडे असतात असं कोण म्हणतं?

असो. आता गुळाची गोष्ट.

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधून भीमा जाते. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण आमच्या दौंडच्या बाजूला खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, नदीकाठी मोटारी बसल्या आणि ऊस झाला. ऊस आला तिथे गुऱ्हाळ आलं. केडगाव, खुटबाव, पारगाव, राहू या पट्ट्यात आजही गाडीच्या काचा खाली केल्या की काहिलीचा वास येतो. आमचाही थोडा ऊस होता. कारखान्याची तोड वेळेवर मिळाली नाही की अण्णा, म्हणजे माझे वडील, गूळ करून घ्यायचे.

माझी दहावी झाली त्या वर्षी अण्णांनी चाळीसेक ढेपा शहरातल्या एका आडत्याकडे पाठवल्या. वैशाखात भाव पडलेले होते. गौरी-गणपतीला भाव चढेल तेव्हा विकू, असं ठरलं आणि माल त्याच्या गोदामात राहिला. श्रावणाच्या शेवटी पट्टी आली. आडत, हमाली, तोलाई हे सगळं नेहमीचं वजा होतंच, पण त्याखाली आणखी एक मोठी रक्कम कापलेली होती. शेजारी दोन शब्द, 'पाणी सुटले'. अण्णा जाऊन भेटले तर उत्तर मिळालं, माल कच्चा होता, नीट शिजला नव्हता, त्याला पाणी सुटलं, आम्ही काय करणार?

त्याच काहिलीतल्या, त्याच दिवशीच्या चार ढेपा आमच्या घरी होत्या. चुलीवरच्या माळ्यावर, उसाच्या पाचटात गुंडाळून ठेवलेल्या. त्या खडखडीत होत्या. विळ्याने फोडाव्या लागायच्या.

आई म्हणाली, "माल कच्चा व्हता तर मंग आपल्या ढेपंला का नाय सुटलं?"

अण्णा गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यो म्हणतोय सुटलं, तर सुटलंच आसंल." आणि विषय संपला. त्या वर्षी माझ्या कॉलेजच्या फीसाठी चुलत्यांकडून पैसे घ्यावे लागले, एवढं मला आठवतं.

आईने विचारलेला प्रश्न किती नेमका होता हे मला फार उशिरा कळलं. माल एकच, जागा वेगळी. मग फरक कशाचा? जागेचा! प्रयोगशाळेत याच युक्तीला मोठं नाव आहे. गुळात उसाची साखर असते, तिच्याबरोबर तिच्या फुटीतून झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, शिवाय थोडे क्षार. निव्वळ साखर ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी ओढायला लागते, पण फ्रुक्टोज साधारण साठ-बासष्टलाच सुरू होतं, आणि मिसळणीचं तर असं की सगळ्यांनी मिळून ती पायरी आणखी खाली येते. श्रावणातल्या सकाळी आमच्याकडेही आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. बंद, फरशी ओली, भिंतीला ओल असलेल्या गोदामात काय होत असेल ते सांगायला नको. आणि चुलीच्या वर? २५ अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ४५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान वाढलेली. आमच्या ढेपा पाणी ओढतील कशा?

म्हणजे गुळाने पाणी सोडलं नव्हतं, ओढलं होतं. आणि ते त्या गोदामाच्या हवेतून ओढलं होतं. सगळा फरक एका क्रियापदाचा. 'पाणी सुटले' म्हटलं की पाणी आत होतं, म्हणजे दोष मालात, म्हणजे दोष शेतकऱ्याचा. 'पाणी ओढले' म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, कुठून ओढले? माल कोणाच्या ताब्यात होता? अण्णा त्या आडत्यापुढे हरले ते हिशेबात नाही, व्याकरणात हरले असं मला वाटतं. तो ज्या भाषेत बोलत होता ती अण्णांचीच भाषा होती. त्यांनाही गुळाला पाणी 'सुटतं' असंच म्हणायची सवय होती. मग भांडणार कशाच्या जोरावर?

सगळंच त्या आडत्याचं पाप होतं असंही नाही, हे सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी केडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर एका म्हाताऱ्या गुळव्याशी बोलत बसलो होतो. काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी बघत होता. त्याला ही गोष्ट सांगितली तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "ऊस तोडून किती दिस पडला व्हता?" मला आठवलं, चरक मोकळा नव्हता म्हणून त्या वर्षी ऊस दोन-तीन दिवस पडून होता. "मंग झालंच की," तो म्हणाला, "शिळ्या उसाचा गूळ पावसाळा काढीत न्हाय." बरोबरच आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात आणि गूळ जास्त पाणी ओढतो. म्हणजे थोडा वाटा आमचाही होता. पण थोडाच. शिळ्या उसाच्या असून आमच्या चार ढेपा माळ्यावर पावसाळा काढून गेल्या होत्या.

खताचंही असंच. ३० अंशांना युरिया ७२-७३ टक्क्यांना पाणी ओढतो, म्हणून पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवायची. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवून रात्रभर ठेवलं की सकाळी लापशी झालेली असते, हे आमच्या भागात कोणालाही विचारा. पेरणीच्या वेळीच कालवायचं. तिथे मात्र कोणी 'युरिया कच्चा होता' म्हणत नाही. कंपनीच्या पोत्याला दोष द्यायची आपल्याला सवय नाही.

आता याच क्रियापदाची दुसरी बाजू बघा, आणि तीही आमच्याच आभाळातली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात पावसाळ्याचे अकरा हंगाम विमानातून ढगांत मीठ फवारण्याचा प्रयोग केला. प्रयोगाचं क्षेत्र होतं पुण्याच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर, पर्जन्यछायेत, ४८०० चौरस किलोमीटरचं. नकाशावर बोट ठेवा, कुठे येतं ते. कुटून अगदी बारीक केलेलं मीठ, आणि ते आपसात चिकटून त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड. मिठाच्या कणाने ढगातली वाफ ओढायची, त्यात स्वतः विरघळून थेंब व्हायचं, तो थेंब इतरांपेक्षा मोठा, तो खाली येताना बाकीच्यांना सामावून घेणार आणि पाऊस पडणार, अशी कल्पना. अकरा हंगामांचा हिशेब मांडून संस्थेने पाऊस २४ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. पाऊस मुळातच इतका लहरी की मिठामुळे किती आणि आपणहून किती, हा वाद अशा प्रयोगांत कधी संपत नाही. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये याच संस्थेने सोलापूरला नळकांडी जाळून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांत सोडले. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरात सरासरी १८ टक्के वाढ.

लहानपणी आमच्या रानावरून ढगांच्या कडेने जाणारं विमान दिसलं की आजी म्हणायची, "मीठ टाकाय आलं." ते विमान तेच होतं की लोहगावचं कुठलं तरी, देव जाणे! आम्ही तोंड वर करून जीभ बाहेर काढायचो, खारट लागतंय का बघायला.

मला यातली विसंगती सोडवत नाही. त्याच आभाळाखाली, वर ढगात मीठ पाणी ओढत होतं त्याला प्रयोग म्हणत होते. आणि खाली गोदामात गूळ तेच करत होता तेव्हा त्याला माल खराब म्हणून पैसे कापत होते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, तरी तिथल्या मिठाच्या खडकांच्या आत सूक्ष्मजीव जगतात, कारण हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ त्यांच्यासाठी पाणी ओढून ठेवतं. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले तेव्हापासून तिकडेही याच गुणाची चर्चा आहे. एवढा मोठा पसारा असलेली क्रिया, आणि आपण मुलांना ती 'चिघळणे' म्हणून शिकवणार, नाहीतर इंग्रजी शब्द देऊन पाठ करायला लावणार?

भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, ते काम मोठं आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण परिभाषा करणाऱ्यांनी संस्कृत धातूंकडे जितक्या वेळा पाहिलं त्याच्या निम्म्या वेळा जरी स्वयंपाकघरात आणि गुऱ्हाळावर डोकावलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट बाजूही आहेच. लोकांचा शब्द नेहमी बरोबर असतो असं नाही, 'पाणी सुटले' हा लोकांचाच शब्द आहे आणि तो चुकीचा आहे. शास्त्राने तिथे आम्हाला दुरुस्त करायला हवं होतं. ते केलं असतं तर अण्णांना दोन वाक्यं बोलता आली असती.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला होता. जर्नलमध्ये त्याने इंग्रजी शब्द लिहून पुढे कंसात 'हवेने सादळून विरघळते' असं लिहिलं. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली, पण मार्क कापले नाहीत. रेघ कशासाठी ते त्यालाही कळलेलं नाही.

गावी घरात आता चूल नाही, गॅस आहे. माळाही स्लॅब टाकला तेव्हा गेला. गूळ मात्र वहिनी फ्रिजच्या मागे ठेवते, जिथे गरम हवा येते तिथे, घट्ट झाकणाच्या डब्यात. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणाली, "आत्याबाई सांगून गेल्यात, उबंला ठेव म्हून."